वरातीचा वेग

गाडी घेतली तेव्हाच तिच्यात पहिला बदल कोणता करायचा हे मी ठरवून टाकलं होतं. आधी टायर, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. इंजिनला इतक्यात हात लावायचा नाही. गाडी घरी आल्या आल्या जे लोक तिचा सायलेन्सर बदलून अख्ख्या गावाला जागं करतात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पळायचं तर आधी थांबता आलं पाहिजे आणि वळणावर रस्ता सुटता कामा नये, इतकं साधं आहे. मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात आहे. मशीनचा वेग वाढवा असं वरून फर्मान आलं की मी आधी तिचं बंद करायचं बटण तपासते. माझा स्वभावच तसा आहे.

गाडी लाल आहे. दोन सीटची, बुटकी, कापडी टप मागे दुमडता येणारी. माझा मामा कळंबला एका फार्महाऊसवर राखणदार आहे. त्याच्या शेठला परदेशी जाण्यापूर्वी ती काढून टाकायची होती. बरीच वर्षं ती तिथल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं आणि टायर दिसायला कोरे असले तरी रबर वाळून कडक झालं होतं. वायरिंग मी स्वतःच केलं. रविवारचे रविवार मामाच्या अंगणात तिच्याखाली पडून काढले. मामी चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "या वयात पोरी मांडवाखाली बसतात, तू गाडीखाली झोपतेस." मी खालूनच हात बाहेर काढून कप घ्यायची.

ज्या दिवशी ती चालू झाली त्या दिवशी मी कळंबहून कर्जतला आणि तिथून चौकच्या रस्त्याने घरी निघाले. मधे एक सरळ पट्टा लागतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये तिने अशी काही ओढ घेतली की मी एकटीच मोठ्याने हसले. लगेच पाय काढला, कारण खाली ते वाळके टायर. पण तेवढ्यात मला काय हवंय ते कळलं. घाटापलीकडे एक खासगी ट्रॅक आहे. तिथे अधूनमधून एखाद्या रविवारी तुमच्याआमच्यासारख्यांनाही स्वतःची गाडी पळवू देतात. समोरून ट्रक नाही, आडव्या म्हशी नाहीत, स्पीडब्रेकर नाही. पावसाळ्याआधीच्या एका रविवारसाठी मी नाव नोंदवलं. टायर आणि ब्रेक चांगले असले पाहिजेत, एवढीच त्यांची अट. एकदा, आयुष्यात निदान एकदा, त्या गाडीत जेवढी ताकद आहे तेवढी सगळी वापरून बघायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आमचं गाव चौकपासून आत, खालापूर तालुक्यात. रस्ता गावात शिरतो, मधल्या आळीतून जातो आणि संपतो तिथे आमची बौद्धवाडी. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा. बाबा रेल्वेत गँगमन होते, कर्जतच्या पट्ट्यात आयुष्यभर रुळांवर चालले. निवृत्त झाल्यावर त्यांना चालायला जागा उरली नाही, म्हणून ते भावकीतल्या लग्नांत चालू लागले. म्हणजे कुठलंही लग्न असो, वरातीच्या पुढे बाबा. बँडवाल्यांना सांगणार, गर्दी बाजूला करणार, समोरून टेंपो आला तर त्याला थांबवणार. रुळांवर काम केलेला माणूस, हाताच्या खुणा करायची सवय.

तर गाडी नवीनच आली होती आणि माझ्या चुलत भावाचं लग्न निघालं. मलाही हौस. मीच म्हटलं, वरात माझ्या गाडीतून काढू. मी फसले ती तिथे. आमच्या भावकीत एकाच्या पोराला जे दिलं ते दुसऱ्याच्या पोराला दिलंच पाहिजे. थोरल्याच्या मांडवात गाडी उभी राहिली आणि धाकट्याच्या नाही राहिली, तर ते बोलणं पुढची दोन लग्नं आणि एक बारसं पुरतं. शिवाय आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून लग्न रविवारी. त्यामुळे थंडी सुरू झाल्यापासून माझा एकेक रविवार कुणा ना कुणा नवरदेवाच्या नावावर जमा होत गेला. मी नाही म्हणायच्या आत बाबा हो म्हणून आलेले असत.

"बाबा, मला इचारायचंत तरी."

"काय इचारायचं त्यात? मी शब्द दिलाय. गाडी दारातच तर उभी हाय."

दारातच तर उभी हाय, हे खरंच होतं. मला ती दारातून हलवायची होती, एवढंच तर भांडण होतं.

दोन सीटच्या गाडीत वरात कशी बसते, असा प्रश्न लोकांना पडतो. नवरा-नवरी मागे दुमडलेल्या टपावर बसतात आणि पाय माझ्या शेजारच्या सीटवर सोडतात. मी खाली स्टिअरिंगला. नवरदेवाचा कोरा करकरीत बूट दर खड्ड्याला माझ्या कोपरात लागतो. फुलांच्या माळा चिकटपट्टीने लावतात, ती काढताना रंग निघतो. सीटवर हळदीचा एक पंजा उमटलाय तो अजून गेलेला नाही. आणि प्रत्येक वरातीत कुणीतरी दारावर रेलून विचारतंच, "ताय, तुमची वरात कदी?" मी म्हणते, ही माझीच चालू आहे, तुम्ही फुकट नाचताय.

यातून सुटायची एक वाट होती. माझी एक आत्या म्हणाली होती, "तू कशाला जीव काढतेस गं? चावी दे, कोनी पोरगा चालवंल. वरातीत बाईमानूस गाडी चालवताना बरं पन नाय दिसत." चावी दिली असती तर मी रविवारी घरी पाय पसरून झोपले असते. पण ती गाडी मी माझ्या हातांनी उठवली होती. चावी एकदा दुसऱ्याच्या खिशात गेली की ती माझी गाडी राहणार नाही, वाडीची होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चावी दिली नाही. वरातीला नाही म्हणायची सोय नाही आणि चावी सोडायची तयारी नाही, असं दोन्हीकडून मीच मला कोंडून घेतलं.

आणि ती चाल! पळायला बनवलेलं यंत्र माणसाच्या पावलाने चालवायचं, तेही नाचणाऱ्या माणसाच्या, जो दोन पावलं पुढे जातो आणि एक मागे येतो. सगळा वेळ अर्धा क्लच. डावी पोटरी दगड होते. क्लचचा करपट वास, बँडचा दणका, आणि डोळा तापमानाच्या काट्यावर. या गाडीला पळताना समोरून वारा मिळतो, त्यावर ती थंड राहते. उभी राहिली की सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर, आणि पंखा शेडमध्ये पडून पडून मेल्यात जमा. काटा वर सरकू लागला की एकच उपाय, हीटर पूर्ण सोडायचा म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर टप नाही, पायांवर हीटरचा फुफाटा, मागे नवरीवर फुलं पडतायत आणि मी उकडलेल्या शेंगेसारखी बसलेली. मला तेव्हा खरंच रडू यायचं, पण घामात कुणाला दिसायचं नाही.

त्यात मधली आळी. गावात शिरल्यावर देवळापासून ग्रामपंचायतीपर्यंत दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं. बाकी रस्त्यावर बाबा मला थोडं सोडत, पण देवळाशी आलो की ते गाडीपुढे येऊन उलटे चालत, तोंड माझ्याकडे, आणि तळहात खाली दाबत राहत. हळू. अजून हळू. तेवढा पट्टा ओलांडायला त्यांना इतका वेळ लागायचा की बँडवाल्यांची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मी दात खाऊन म्हणायची, हा माणूस मुद्दाम करतोय.

ट्रॅकचा रविवार जवळ येऊ लागला तशी मी लोधिवलीला जुन्या हायवेवर एक गॅरेज आहे तिथे गेले. टायर आणि ब्रेकचं विचारून ठेवायचं होतं. गॅरेजवाला बडबड्या माणूस. गाडी बघून त्याला इतका आनंद झाला की त्याने हातातली रिक्षा तशीच सोडली.

"ताय, पयला सायलेन्सर करू. गाडी निघाली की चौकात कळलं पायजे."

"मला चौकात कळवायचं नाहीये. टायर आणि ब्रेक सांगा."

"मग एअर फिल्टर? पिकअप असा येतो ना..."

"टायर. ब्रेक."

तो गाडीभोवती फिरला, चिकटपट्टीचे डाग बघितले, सीटवरचा हळदीचा पंजा बघितला, बॉनेट उघडून पंखा बोटाने फिरवला. मग माझ्याकडे बघून अगदी निरागसपणे म्हणाला, "वरातीलाच चालते ना ही? मग टायर कशाला घालवताय? हे टायर तुमच्या नातवांच्या वरातीला पन पुरतील. पंखा बदला, मोठा रेडिएटर टाका."

मला असा राग आला की मी बॉनेट त्याच्या हातातून घेऊन आपटलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? जे दिसत होतं तेच तो बोलला. सगळं एकदम परवडणार नव्हतं, एक काय ते निवडायचं होतं. मी त्याला टायर आणि ब्रेक पॅड मागवून ठेवायला सांगून निघाले. घरी येईपर्यंत एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते.

पुढच्याच रविवारी कर्जतजवळच्या कोंडाण्याची मुलगी आमच्या वाडीत सून म्हणून आली. लग्न तिकडे लागलं, पंचशील झालं, जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर वरात आमच्या गावात शिरली. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. देवळाशी बाबा पुढे आले, तळहात दाबू लागले. काटा वर सरकला. मी हीटर सोडला. काटा तरीही वर. आळीच्या बरोबर मध्यावर, किराणा दुकानासमोर, बॉनेटमधून वाफ आली आणि मी इंजिन बंद केलं.

बँड थांबला. लोक जमले. दुकानातल्या बाईंनी न मागता पाण्याचा कॅन आणून ठेवला. पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, थांबावंच लागतं. आमची पोरं बाह्या सरसावून मागे गेली. चला रे, ढकला, वाडी इथं तर हाय. नवरा-नवरी उतरायला उठले.

"बसा!" बाबा ओरडले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "कोनी उतरायचं नाय. आनि गाडी ढकलायची नाय इथं. चालू होईल तवा जाईल."

"बाबा, ऊन बघा, ती पोरगी चक्कर येऊन पडंल."

"छत्री धरा तिच्यावर. पन उतरायचं नाय."

कुणीतरी छत्री आणली. बाबांनी बँडवाल्यांना हात केला आणि बँड पुन्हा सुरू झाला. बंद गाडीसमोर बँड वाजतोय, टपावर नवरा-नवरी छत्रीखाली घामाघूम, आळीतले लोक ओट्यांवर उभं राहून मोबाइलवर शूटिंग करतायत. मला वाटलं, जमीन दुभंगून मी गाडीसकट आत गेले तर बरं. मी बाबांना बाजूला, दुकानाच्या सावलीत ओढून नेलं.

"काय चाललंय तुमचं? सगळ्या गावासमोर हसं करताय माझं. ढकलली असती तर आतापतुर घरी पोचलो असतो."

ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

"माज्या लग्नात मला इथं उतरवलं व्हतं," ते म्हणाले. "बैलगाडीत व्हतो आमी. देवळाशी दोघं-तिघं आडवे आले. मारलं नाय का शिव्या नाय दिल्या. नुसतं म्हनले, उतरा, आनि वाजंत्री बंद करा. आमी उतरलो. पंचायतीपतुर चालत गेलो, तिथं परत बसलो." मग म्हणाले, "तुज्या आयनं चपला काढून हातात घेतल्या. तिला तर कोनी सांगितलं पन नव्हतं."

आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. आता त्या आळीत कुणी कुणाला अडवत नाही, कॅन आणून देणारी बाई तर लग्नाला जेवूनही गेली होती. पण बाबांच्या पायांना तो पट्टा माहीत होता. आजवर प्रत्येक वरातीत ते त्या पट्ट्यातून माझी गाडी का रांगवत होते ते मला कळलं.

आता इथे कुणाला वाटेल की माझं मन भरून आलं आणि राग गेला. तसं काही झालं नाही. भरून आलं हे खरं, पण राग दुप्पट झाला. आधी मला निदान असं वाटत होतं की बाबा हट्टी आहेत, भावकी लोचट आहे, आणि एक दिवस मी ठणकावून नाही म्हणेन. ती वाट त्यांनी चार वाक्यांत बंद केली. चपला हातात घेऊन चालणारी आई एकदा डोळ्यांसमोर आली की नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? वरातीच्या पुढे उलटे चालणाऱ्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं की मला घाटापलीकडे जाऊन गोल गोल पळायचंय? आणि का सांगू नये? त्यांना उतरवलं ती चूक माझी नव्हती. मला तर उलट गाडीतून उतरूच देत नव्हते कोणी. असं उलटसुलट मी स्वतःशी आठवडाभर भांडत राहिले. कारखान्यात एका सुपरवायझरवर विनाकारण खेकसले.

आठवड्याच्या शेवटी जेवताना बाबा म्हणाले, पुढच्या-पुढच्या रविवारी आपल्याच वाडीतल्या, मामाच्या साडूच्या पोराचं लग्न आहे. तो ट्रॅकचा रविवार होता. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"त्या दिवशी माझं काम हाय, बाबा. कदीपासून ठरलंय."

"कसलं काम?"

मी सांगितलं. ट्रॅक कसा असतो, तिथे कसं पळवतात, टायर मागवलेत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर किती बरं झालं असतं.

"मग मी त्यांना नाय सांगतो," ते म्हणाले. "दुसरी गाडी बघतील." आणि भात कालवू लागले. थोड्या वेळाने विचारलं, "तिथं कोन बघायला असतं?"

"कोणी नाय. आपलं आपन."

"हां," ते म्हणाले. त्यांना ते समजलं नाही, आणि त्यांनी समजल्यासारखं दाखवलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीसाठी त्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

ते नाही सांगणार होते. त्यांनी मला मोकळं केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लोधिवलीला गेले, टायर आले होते, भिंतीला टेकवून ठेवले होते. नव्या रबराचा वास येत होता. मी त्यांच्यावरून हात फिरवला. गॅरेजवाल्याने जॅक लावायला घेतला आणि मी त्याला थांबवलं. टायर परत जातील का, असं विचारलं. तो म्हणाला, जातील की, पण का? मी म्हटलं, पंखा टाका. डबल पंखा आणि मोठा रेडिएटर. त्याने तोंड उघडलं तेव्हा मी त्याला दम दिला की एक अक्षर बोलायचं नाही. खरंच बोलला नाही. मी बाहेर हायवेच्या कडेला जाऊन उभी राहिले, ट्रक बघत.

मी हे मनाच्या मोठेपणाने केलं असं म्हणायला मी तयार नाही. मला भीती वाटली. टायर बदलून मी ट्रॅकवर गेले असते आणि त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी पांढऱ्या भाड्याच्या गाडीपुढे बाबा उलटे चालले असते, आणि मला पळताना प्रत्येक वळणावर तेच दिसलं असतं. मला सुटता येत नव्हतं. दार उघडं होतं आणि मला सुटता येत नव्हतं.

तर त्या रविवारी, जेव्हा घाटापलीकडे गाड्या रांगेत उभ्या राहिल्या असतील, तेव्हा मी मधल्या आळीत होते. मागे नवरा-नवरी, कोपराला बूट, पुढे बँड. नवे पंखे विमानासारखे घोंघावत होते. हीटर बंद. काटा बरोबर मध्ये, हलायचं नाव नाही. माझ्या गाडीतला पहिला बदल अगदी चोख झाला होता, आणि मला त्याचा संताप येत होता.

बाबा उलटे चालत होते. तळहात खाली. मी क्लच आणखी दाबला, गाडी मुंगीसारखी सरकत होती. त्यांचा हात खालीच. ते चालत माझ्या बाजूला आले आणि दारावर हात ठेवून म्हणाले, "अजून जरा हळू घे."

"याच्यापेक्षा हळू नाय होत, बाबा," मी म्हटलं. "याच्यापेक्षा हळू म्हणजे थांबणंच."

त्यांनी क्षणभर विचार केला. आजवर एवढ्या वराती काढल्या, पण हे त्यांच्या कधी मनात आलं नसावं.

"मग थांब," ते म्हणाले.

मी गिअर काढला आणि हँडब्रेक ओढला. आळीच्या मधोमध, चांगल्या चालू गाडीत, आम्ही थांबलो. बँड वाजत होता, इंजिन चालू होतं, मागची नवरी वाकून विचारत होती, "ताय, उतरायचंय का?"

"नाय," मी म्हटलं. "बसून राहा."